परळमध्ये सापडलेलं रक्त

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस हुकला तरी हुलगा अगदीच तोंडघशी पाडत नाही. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते, दोन सरी कमी पडल्या तरी तो तग धरतो. कामाच्या दिवसांत बैलांना उकडलेला हुलगा आणि घरात माडगं नाहीतर शेंगोळी, ही इथली जुनी रीत. घाट उतरून कोकणात गेलं की यालाच कुळीथ म्हणतात. या गरिबाघरच्या धान्याला रक्ताच्या विज्ञानात मानाची जागा आहे, आणि ती त्याला पुण्यात मिळाली.

१९५१ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड बियांचे अर्क माणसाच्या रक्तावर लावून पाहत होते. पद्धत साधी. बी दळायचं, मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवायचं, गाळायचं आणि त्या पाण्याचा थेंब काचेवर रक्तपेशींच्या थेंबात मिसळायचा. हुलग्याचा थेंब ए गटाच्या रक्तात पडला की तांबड्या पेशी एकमेकींना धरून बसत. काच हळूच हलवली की आधी एकसारखा लाल असलेला थेंब रवाळ होई, मग दाणे मोठे होत आणि त्यांच्यामधून स्वच्छ पाणी दिसू लागे. बी आणि ओ गटाच्या रक्तात मात्र कितीही वेळ काच हलवली तरी थेंब जसाच्या तसा. बर्ड यांनी हे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापलं. अर्क बेताने पातळ केला तर ए गटातलेही दोन उपप्रकार वेगळे काढता येतात, हेही पुढे सिद्ध झालं. आज जगभरच्या रक्तपेढ्यांत ए-वन हा उपप्रकार ओळखायला जी छोटी बाटली वापरतात, तिच्यात हुलग्याचंच सत्त्व असतं.

बिया रक्त गोठल्यासारखं करतात, एवढं आधीपासून माहीत होतं. १८८८ साली दोर्पातच्या विद्यापीठात पीटर हेरमान स्टिलमार्क यांनी एरंडीच्या बियांतून असा पदार्थ काढला होता. पण एरंडीला रक्ताची निवड नसते, हुलग्याला असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत विल्यम बॉइड आणि फिनलंडमध्ये रेंकोनेन यांना असाच निवड करणारा गुण इतर काही बियांत सापडला होता. बियांमधल्या या पदार्थांना पुढे लेक्टिन हे नाव मिळालं. लेक्टिन म्हणजे प्रथिनं. ती कच्च्या बीत काम करतात. चुलीवर उकळी आली की प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याची ओळखण्याची ताकद जाते. माडगं पिणाऱ्याला म्हणूनच त्याचा त्रास नाही. १९५०च्या दशकात मुंबईत जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी कडधान्यांतल्या प्रथिनांवर आणि त्यांतल्या पचन रोखणाऱ्या घटकांवर काम करत होत्या. आपल्या डाळी-उसळींचं रसायनशास्त्र त्या काळी महाराष्ट्रात किती आस्थेनं तपासलं जात होतं, याची नोंद शाळेच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही, आणि ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पण हुलग्यातलं प्रथिन ए गटाच्या पेशीवर नेमकं ओळखतं काय?

पन्नास वर्षं मागे जावं लागेल. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांची रक्तं एकमेकांत मिसळून दाखवलं की माणसांच्या रक्ताचे ठरावीक गट पडतात. ए, बी आणि आज ज्याला आपण ओ म्हणतो तो. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. पहिल्या महायुद्धात सॅलोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्झफेल्ड या डॉक्टर दांपत्यानं निरनिराळ्या देशांच्या सैनिकांची रक्तं तपासली. हिंदुस्थानी शिपायांत बी गट युरोपीय सैनिकांहून खूप जास्त, हे त्यांनी १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. रक्तगट आईबापांकडून येतो, तो जन्मभर बदलत नाही, चुकीचं रक्त दिलं तर माणूस दगावतो, हे सगळं कळलं होतं. गट म्हणजे प्रत्यक्षात कोणता पदार्थ, हे मात्र उलगडायचं होतं.

ते काम लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी हाती घेतलं. वाम या माशाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशींना गोळा करणारा गुण असतो. त्या द्रवात त्यांनी आधी एक-एक साधी साखर विरघळवून ठेवली आणि मग पेशी टाकल्या. एरवीच्या साखरांनी काही फरक पडेना. फ्यूकोज नावाची साखर घातली तेव्हा मात्र वामीच्या द्रवाची ताकद संपली, पेशी गोळा होईनात. पेशीवर जे पकडायचं ते त्या द्रवाला आधीच मोकळ्या साखरेच्या रूपात मिळालं होतं. म्हणजे ओ गटाच्या पेशीवर टोकाला फ्यूकोज असणार. हे १९५२ सालचं. याच वाटेनं पुढे ठरलं की ए गटाची खूण म्हणजे एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन आणि बी गटाची खूण म्हणजे साधी गॅलॅक्टोज. हुलग्याचं प्रथिन ओळखतं ती यांतली पहिली साखर.

साखर म्हटली की आपल्याला इंधन आठवतं, ऊस आणि मळीचं राज्य आठवतं. कृष्णाकाठच्या माणसाला तर आठवणारच. पण कर्बोदकांचं दुसरं काम खुणा करण्याचं आहे. पेशीच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या उभ्या असतात, आणि रक्तगट म्हणजे त्या साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे एवढीच गोष्ट.

लंडनला वामीच्या द्रवाचे प्रयोग छापून होत होते, त्याच सुमारास परळच्या केईएम रुग्णालयात एक अडचण उभी राहिली. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं, आणि तिथे डॉक्टर हिंदीच असावेत या आग्रहानं सुरू झालं. तिथे डॉ. वाय. एम. भेंडे विकृतिशास्त्राचं काम पाहत होते. हकिगत सांगतात ती अशी, की रेल्वे अपघातात सापडलेला एक आणि सुरीचे वार झालेला एक, अशा दोन रुग्णांना रक्त द्यायचं होतं. तपासणीत दोघे ओ गटासारखे दिसत होते. पण ओ गटाच्या दात्यांचं रक्त लावून पाहिलं तर तेही जुळेना. एकामागून एक दात्यांचं रक्त तपासलं, सगळ्यांच्या पेशी त्या रुग्णांच्या रक्तद्रवात गोळा होत गेल्या. शेवटी जुळलं ते मुंबईतच मिळालेल्या एका तिसऱ्या माणसाचं, ज्याचं रक्त या दोघांसारखंच होतं.

ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं, हा तोवर पक्का समज. इथे तेच चालत नव्हतं. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी नमुने लंडनला पाठवले. तिथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांनी पेशी तपासल्या, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी लाळेतले पदार्थ तपासले. सर्वांची नावं असलेला जेमतेम दोन पानांचा लेख मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटाच्या पेशींवर जे एच द्रव्य भरपूर असतं तेही नाही. लाळेतही नाही. उलट त्यांच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच या तिघांच्या विरोधी प्रतिपिंडं आहेत, तीही शरीराच्या तापमानाला जोरात काम करणारी. या गटाला मुंबईचं नाव मिळालं: बॉम्बे रक्तगट.

एच ही खुंटी आहे. ए आणि बीच्या साखरा तिच्यावर टांगल्या जातात. ओ गटात खुंटी रिकामी असते. बॉम्बे गटात खुंटीच ठोकलेली नसते, त्यामुळे घरात ए किंवा बी असूनही ते टांगायला जागा नाही. हे सगळं कळायला आणखी काही वर्षं गेली. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेविन यांना ओ गटासारखी दिसणारी एक आई भेटली, जिचं मूल एबी गटाचं होतं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हे अशक्य. तिच्याकडे बी गटाची देणगी होती, ती तिच्या पेशींवर उमटली नव्हती इतकंच. मुलाला ती जशीच्या तशी मिळाली आणि दिसली. या एका प्रकरणावरून लक्षात आलं की ए-बीचा वारसा आणि एचचा वारसा वेगवेगळ्या ठिकाणांहून चालतो. ज्या घरांत रक्तगटाच्या कागदावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं, त्या घरांनी हे प्रकरण समजून घ्यायला हवं. बॉम्बे गटाच्या बापाला ओ म्हणून कागद मिळाला आणि मूल एबी निघालं, तर चूक कागदाची आहे.

अकरावी-बारावीच्या पुस्तकात सजीवांच्या मोठ्या रेणूंचा तक्ता असतो: कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं. समोर कार्य लिहायचं, ऊर्जा, बांधणी, साठा, वारसा. मुलं ते पाठ करतात. तक्ता खोटा नाही, पण त्या चार रकान्यांमधलं येणं-जाणं त्यात दिसत नाही. ते परळच्या त्या तिघांच्या रक्तात दिसतं.

मेदापासून सुरुवात करू, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. १९२५ साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यावरून त्यांनी सांगितलं की पेशीचं वेष्टण मेदाच्या दोन थरांचं आहे. हे मेदाचे रेणू प्रथिनांसारखे लांब साखळ्यांचे नसतात, ते स्वतःहूनच पाण्यात शेजारी-शेजारी उभे राहून पडदा करतात. या पडद्यात प्रथिनं रोवलेली असतात, आणि साखरेच्या साखळ्या काही प्रथिनांवर, काही थेट मेदाच्या रेणूंवर जोडलेल्या असतात. तांबड्या पेशीत कार्बन डायऑक्साइडची ने-आण सांभाळणारं एक मोठं प्रथिन आहे. रक्तगटाच्या बऱ्याचशा साखळ्या त्याच्याच अंगावर आहेत.

या साखळीवर फ्यूकोज, म्हणजे एचची खुंटी, आपोआप चढत नाही. ते चढवणारं विकर हवं, आणि विकर म्हणजे पुन्हा प्रथिनच. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ मध्ये हीच कल्पना मांडली की वारशानं साखर मिळत नाही, साखर जोडणारं विकर मिळतं. एचच्या विकरात ३६५ अमिनो आम्लांची एक साखळी घडी घालून बसते आणि गॅलॅक्टोजच्या एका ठरावीक टोकाला फ्यूकोज जोडते. त्यानंतर ए गटाचं विकर येऊन आपली साखर लावतं किंवा बी गटाचं विकर आपली लावतं. या दोन विकरांत किती थोडा फरक आहे, हे १९९० मध्ये फुमिइचिरो यामामोतो यांनी दाखवलं. चार अमिनो आम्लं वेगळी, बस्स. ओ गटाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात वारशाच्या मजकुरातलं एक अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि विकर कामाचं बनत नाही.

मजकूर डीएनएचा. १९५२ मध्ये भेंडे यांचा लेख आला तेव्हा डीएनएची दुहेरी वेटोळी कुणाला माहीत नव्हती. ती पुढच्या वर्षी कळली. एचचं विकर बनवणारं जनुक १९९० मध्ये हाती आलं. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. भारतीय बॉम्बे गटाच्या माणसांत काय बिघडलंय, ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी आणि युरोपीय संशोधकांनी वाचून काढलं. त्या जनुकात ७२५व्या जागी टी ऐवजी जी हे अक्षर आहे. त्यामुळे प्रथिनाच्या २४२व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन बसतं. ल्युसीन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून दूर आत दडणारं. आर्जिनीनवर विद्युतभार, ते पाण्याकडे ओढ घेणारं. एवढ्या एका बदलानं विकर निकामी होतं. लाळेत एच द्रव्य तयार करणारं दुसरं जनुक त्याच्या शेजारीच असतं, आणि या भारतीय कुटुंबांत ते जवळजवळ सगळंच्या सगळं गायब झालेलं आढळलं. लाळेत एच का नव्हतं, त्याचं उत्तर मिळायला पंचेचाळीस वर्षं लागली.

एक अक्षर बदललं, म्हणून एक अमिनो आम्ल बदललं, म्हणून विकर निकामी झालं, म्हणून एक साखर लागली नाही, म्हणून मेदाच्या पडद्याबाहेरची खूण उमटली नाही, म्हणून रक्त मिळेना. न्यूक्लिक आम्ल, प्रथिन, कर्बोदक, मेद असे चारही रकाने या ओळीत आहेत. आणि रक्त मिळू न देणारी प्रतिपिंडंसुद्धा प्रथिनंच.

गटाला मुंबईचं नाव मिळालं. परळ म्हणजे तेव्हाच्या गिरणगावाचं काळीज. गिरण्यांत राबणारा माणूस मुख्यतः रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा. रत्नागिरीकर बोटीनं येत, घाटावरचे रेल्वेनं आणि पुढे एसटीनं. त्या काळचा सातारा आजच्यापेक्षा मोठा. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. केईएमच्या दारात आलेल्या रक्तात या गावांचं रक्त असणं अगदी स्वाभाविक होतं. भाटिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतली मोजणी केली ती १९७४ मध्ये छापली: साधारण ७,६०० माणसांत एक. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एक इतकं विरळ मानतात. नंतर देशभरातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा १७९ माणसांपैकी ११२ महाराष्ट्रातली निघाली, त्याखालोखाल कर्नाटकातली १४. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आणि दक्षिणेला हा गट जास्त आढळतो. परळला सापडलेलं हे रक्त खेड्यापाड्यांतून चाळीत आलेलं होतं, असंच मला या आकड्यांवरून वाटतं.

७,६०० मध्ये एक, यावरून आणखी एक हिशेब निघतो. बॉम्बे गट व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणसाला काहीच होत नाही, त्याचा ए, बी जो असेल तो गट नीट उमटतो. नात्यातली लग्नं हिशेबात धरली नाहीत, तर असं एकेरी जनुक बाळगणारा माणूस साधारण ४४ जणांत एक निघतो. नात्यात लग्न झालं की एकच जुनं जनुक दोन्हीकडून येऊन भेटण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये आलेल्या आप्तसंबंधांवरच्या ग्रंथात तिचा भूगोल मांडला आहे. एकाच पंचक्रोशीत पाच-सात पिढ्या सोयरिकी होत राहिल्या तर हे जनुक तिथल्या तिथे फिरत राहतं. यात कुणाचा दोष नाही, आणि हा आजारही नाही. बॉम्बे गटाचा माणूस धडधाकट असतो, शेती करतो, कुस्ती खेळतो, बाळंतपणं होतात. प्रश्न येतो तो रक्त लागेल त्या दिवशी.

तो दिवस सांगली-साताऱ्याकडे बहुधा मिरजेला किंवा कऱ्हाडला उगवतो. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून कोकण, बेळगाव, विजापूरपर्यंतचे रुग्ण तिथे येत आले. बाळंतपणात रक्तस्राव होतो, अपघात होतो, ओ म्हणून पिशव्या मागवल्या जातात आणि क्रॉसमॅचला एकही पिशवी जुळत नाही. साठवलेलं तांबड्या पेशींचं रक्त नेहमीच्या पद्धतीनं पस्तीस-बेचाळीस दिवसच टिकतं, म्हणून हा विरळ गट पिशव्यांत भरून ठेवता येत नाही. दाता जिवंत माणसांत शोधावा लागतो. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. पुढे त्याची केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था झाली आणि तिथे विरळ दात्यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. दुसरीकडे सांगली जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी स्वतः पुढे होऊन या गटाच्या दात्यांची फोनवर चालणारी साखळी बांधली. त्यांतले लोक रात्रीच्या गाडीनं निघतात आणि ओळखपाळख नसलेल्या रुग्णासाठी परगावी, परराज्यात जाऊन रक्त देऊन येतात. माझ्या मते सांगली जिल्ह्यानं या विषयात केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

गट ओळखण्यातली चूक मात्र रक्तपेढीच्या टेबलावरच टाळता येते. माणसाच्या पेशी ए आणि बीच्या द्रवात गोळा झाल्या नाहीत की ओ लिहून मोकळं होण्याची घाई असते. त्याऐवजी त्याच माणसाचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात माहितीतल्या ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशीही टाकायच्या. खऱ्या ओ गटाच्या द्रवात ओ पेशी शांत राहतात. बॉम्बे गटाच्या द्रवात त्या भराभर गोळा होतात, आणि खरा गट लगेच कळतो. खात्रीसाठी युलेक्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क लावतात. तो एचला ओळखतो, म्हणजे हुलगा जे ए गटासाठी करतो तेच हा एचसाठी करतो. ओच्या पेशी त्यात सर्वांत जोरात गोळा होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. एकाचा गट बॉम्बे निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावून तपासायचं, कारण आईबाप दोघे एकेरी जनुकाचे असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि दाता त्याच घरात मिळू शकतो.